टिपणातली रंगाची ओळ

तुमच्या घरातून आजवर जेवढ्या मुलींची टिपणं बाहेर गेली, त्यांतल्या एका तरी टिपणात मुलीचा रंग खरा लिहिला होता का?

घाईनं 'हो' म्हणू नका. आठवून पाहा. टिपण म्हणजे लग्नाच्या मुलीची माहिती लिहिलेला तो अर्धा ताव. वर 'श्री', पहिल्या ओळीत नाव, दुसरीत वय, तिसरीत रंग, मग शिक्षण, मग शिवणकाम-भरतकाम आणि सर्वांत खाली मामा कुठले ते. बाकीच्या ओळींवरून लोक नुसती नजर फिरवतात. तिसरी ओळ आली की चष्मा पुसून घेतात.

मी ती ओळ एकदा खरी लिहिली. त्यापायी माझ्या ताईचं जुळत आलेलं मोडलं. तेव्हा मला वाटलं होतं, आपण एक अन्याय मुळासकट उपटला. माझं वय सतरा होतं, आणि त्या वयात कुठल्या गोष्टीचं मूळ कुठे आहे ते माणसाला नक्की ठाऊक असतं.

याला माझं लहानपण जबाबदार आहे. बाबा खामगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि वाया गेलेले ताव घरी आणायचे. आमच्या वह्यांना कव्हरं त्यांची, फडताळात अंथरायला कागद तेच, आणि चुलीमागची भिंत काळी होऊ नये म्हणून आई खळ लावून तेच चिकटवायची. मी त्या भिंतीवर वाचायला शिकले. दुसऱ्या मुलांचा 'ध' धनुष्याचा, माझा धिक्काराचा. त्यांचा 'न' नळाचा, माझा निषेधाचा. महाराष्ट्र झाला त्या वर्षी तर ती अख्खी भिंत नव्या राज्याच्या स्वागतानं भरून गेली. आता नवा माणूस घडणार, असं तिच्यावर मोठ्या अक्षरांत होतं. मी भाकरी खाता खाता त्याची वाट पाहायचे.

"या पोट्टीले मी दूध नाही पाजलं," आई शेजारणींना सांगायची, "पत्रकं भिजवून पाजली." घरात सगळे वऱ्हाडी बोलायचे आणि मी एकटी पत्रकाच्या भाषेत. मीठ मागतानासुद्धा मी मागणी करायचे.

कागदाच्या रंगावरून मला मजकूर कळायचा. गुलाबी म्हणजे लग्न. पिवळा म्हणजे तंबूतला सिनेमा. हिरवा म्हणजे ताकदीचं औषध. ज्यात खरोखर काही सांगायचं असे, ते साध्या पांढऱ्यावर काळ्या शाईत यायचं. म्हणून काळा रंग मला फार मानाचा वाटे. बाबांची नखं कायम काळी असत. आई रोज त्यांना राख आणि लिंबू देई, आणि रोज ती नखं तशीच जेवायला बसत.

घराबाहेर तर रंगाला तोटाच नव्हता. आत्याचे यजमान कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, होते. चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढून, उजेडाकडे धरून ते नुसत्या रंगावरून सांगत, की हा वेळेवर वेचलेला, हा दवात भिजलेला, हा गाडीच्या तळाशी दबलेला. आपल्याला जो एकच पांढरा दिसतो त्यात त्यांना दहा दिसत. बैलबाजारात जावं तर ढवळा, पवळा, खैरा, कबरा, बांडा. शेतकरी एवढ्या प्रेमानं ही नावं घेतो की बैलानंसुद्धा मान वळवावी. जमीन पाहायला गेलेला माणूस ती काळी आहे म्हटल्यावर खाली वाकतो, ढेकूळ हातात फोडतो आणि खूष होतो. म्हैस काळीभोर असली तर तो तिच्या पाठीवरून हात फिरवतो. हाच माणूस भजनात रंग भरतो, पत्त्यांत रंग सांगतो, पान रंगलं की आरशात जीभ बाहेर काढून पाहतो, कोणी दगा दिला की 'त्यानं आपला रंग दाखवला' म्हणतो, आणि रंगपंचमीला स्वतःच्या बायकोला ओळखू येणार नाही इतकं तोंड रंगवून घेतो. असा हा रंगात बुडालेला माणूस मुलीचं टिपण हातात घेतो, आणि त्याला एकदम दोनच रंग दिसायला लागतात.

माझी ताई सावळी. नव्या मडक्यात दुपारी पाणी भरलं की संध्याकाळपर्यंत त्याला बाहेरून जो ओला, थंड रंग येतो, तसा तिचा रंग. ती मॅट्रिक झाली होती आणि सकाळी ओसरीवर गल्लीतल्या लहान मुलींना पाढे शिकवायची. कोणी सांगितलं नव्हतं, तिला आवडायचं. शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यावं अशी तिची फार इच्छा होती, पण लग्नाच्या मुलीला पुढे शिकवायचं की नाही, ते ज्यांच्या घरी जायची त्यांनी ठरवावं, असं आमच्या घरात ठरलं होतं.

तिच्यासाठी तेव्हा दोन ठिकाणं समोर होती. एक वरवट बकालकडचं. मोठं खटलं, भरपूर शेती, दारात बैलजोड्या, आणि सुना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत याचा सर्वांना अभिमान. दुसरं आत्यानं आणलेलं, पिंपळगाव राजाचं. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर. मुलींच्या वर्गाला शिक्षिका मिळत नाही म्हणून सून शिकली, शाळेत गेली तर आम्हांला हवीच आहे, असा त्यांचा निरोप होता. स्थळांची गोष्ट निघाली की ताई खाली मान घालून तांदूळ निवडायची. त्या दिवशी तिनं मान वर केली.

"आई, तिथं पाहा न व," एवढंच म्हणाली आणि पुन्हा तांदळात गेली. आई बाबांकडे पाहतच राहिली. स्थळं पाहायला लागल्यापासूनच्या तीन वर्षांत ताईनं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

तेव्हा पिंपळगावला टिपण जाणार हे पक्कं झालं. ते मुलीच्याच अक्षरात असावं अशी रीत. हस्ताक्षरावरून वळण कळतं म्हणतात. ताईचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. माझं मात्र मोत्यासारखं. आईनं क्षणात निकाल दिला.

"धाकटी लिहिते, मोठीचं म्हणून जाते. त्यात काय!"

या बनावटीबद्दल माझ्या तत्त्वांनी चकार शब्द काढला नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. नाव झालं, वय झालं.

"रंग," बाबा म्हणाले, "गव्हाळ."

मी टाक थांबवला. "पण बाबा, ताई सावळी आहे."

"हो न. म्हणूनच गव्हाळ लिही."

"हे असत्य आहे."

"असत्य नाही व, रीत आहे. लिही लवकर, मले छापखान्यात जायचं आहे."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे नवा माणूस घडायचा होता आणि बाबांना छापखान्यात जायचं होतं. मी 'सावळा' असं सुंदर अक्षरात लिहिलं, शाईवर फुंकर मारली आणि कागद पुढे केला. दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचून थकलेल्या माणसानं घरचा कागद न वाचताच त्याची घडी घातली.

आठव्या दिवशी पिंपळगावहून कार्ड आलं. मुलगी चांगली आहे, घराणं चांगलं आहे, परंतु पत्रिका जुळत नाही.

बाबांनी ते दोनदा वाचलं. "पण आपण पत्रिका पाठवलीच कुठी?"

"मंग जुळते कशी!" आई म्हणाली.

उलगडा बाजाराच्या दिवशी झाला. आत्या भाजीची पिशवी घेऊन थेट आमच्याकडे आली आणि चपला काढायच्या आधीच गरजली, "कोनं लिवलं व्हतं ते टिपण?"

"मी," मी म्हणाले.

"अन् रंग कोणता लिवला?"

"जो आहे तो. सावळा."

आत्या मटकन खाली बसली. "अव माय माय माय! तुह्या बहिणीले तू काजळात बुडवलं की वं!"

"सावळीला सावळी म्हटलं, आत्या. सत्य लिहिलं."

"सावळी कोन लिवते सांग? काळी असते ते लिवते! मुलाची माय मले म्हणे, 'सावळी म्हणून लिवतात, मंग पोरगी कशी असन बाप्पा!' टिपण घडी करून मलेच परत द्याले निघाली व्हती."

मला काही उमजेना. तेव्हा आत्यानं पिशवीत हात घातला आणि एक मुळा, एक बटाटा आणि एक वांगं काढून माझ्यासमोर ओळीनं मांडलं.

"हे पाय. तुही बहीण हे बटाटा. बरोबर? मंग टिपणात मुळा लिवाचा. वाचणाराले माहीत असते, का मुळा लिवला म्हणजे बटाटा आहे. थो एक पायरी खाली उतरून वाचते. सारं जग असंच लिवते अन् असंच वाचते. तू बटाटा लिवला. त्यायनं वांगं वाचलं!"

आईला इतक्या दुःखातही हसू फुटलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी घड्याळामागून वरवट बकालचं पत्र काढलं, चष्मा लावून पाहिलं आणि परत ठेवलं. "येत्या रविवारी त्यायले होकार लिहून टाकतो," ते हळूच म्हणाले. "किती दिवस थांबवाचं लोकायले."

ताई इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती पुढे आली, खालचं वांगं उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"आत्या, हे राहू दे घरी," ती म्हणाली. "भरीत करू."

सगळ्यांना वाटलं, तिनं मनाला लावून घेतलं नाही. मलाही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर मुलींना पाढे सांगताना ती तेराच्या पाढ्यात चुकली. एकदा नाही, दोनदा. मुली खिदळल्या. ताई त्यांच्याबरोबर हसली आणि पाटीकडे नुसती पाहत बसली. तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला: मी कोणाशी लढले होते आणि मार कोणाला बसला होता?

तरीपण माझ्याकडे एकच हत्यार होतं, आणि ते मी काढलं. दुपारपर्यंत पत्रकाचा मजकूर तयार झाला. 'रंगभेदाचा धिक्कार असो!' असं शीर्षक, त्याखाली 'बंधुभगिनींनो, जागे व्हा!' बाबांना सांगून शंभर प्रती काढायच्या आणि बाजारात वाटायच्या, असा बेत होता. ताईला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं.

"इथं खाली माह्यं नाव काऊन लिवलं?"

"उदाहरण म्हणून."

"म्हणजे आतापावतर एकट्या पिंपळगावले माहीत व्हतं, आता अख्ख्या तालुक्याले?"

"ताई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"हाव. तत्त्व तुह्यं, अन् वांगं मी."

ती एवढ्यावर थांबली नाही.

"अन् अक्षर तुह्यं असून माह्यं म्हणून गेलं, ते चाललं वाटते तुह्या तत्त्वाले?"

मी भिंतीकडे पाहिलं; बनावट अक्षरावर तिथे एकही पत्रक नव्हतं. ताईनं माझं पत्रक चौघडी करून फडताळातल्या डब्याखाली घातलं, आणि त्याच फडताळातून मुलाचं टिपण काढलं. पिंपळगावहून ते आधीच आलं होतं. ती त्यावरून बोट फिरवत गेली.

"नाव, वय, शिक्षण, नोकरी, शेती. आई, याची रंगाची ओळ कुठी गेली?"

"मुलाचा काय रंग पाहाचा बाई!" आई म्हणाली.

"काऊन?"

आईनं चुलीत लाकूड सारलं.

ताईनं एक कार्ड घेतलं आणि आपल्या त्या कोंबडीच्या अक्षरात, जीभ दातांत धरून, लिहायला बसली. तो मजकूर मला अजून पाठ आहे. 'आपल्या टिपणात रंगाची ओळ राहून गेलेली दिसते. ती भरून पाठवावी, म्हणजे आम्हांलाही विचार करता येईल. आमच्याकडून सावळा असे लिहिले आहे, ते तसेच वाचावे. वर-खाली करू नये.'

संध्याकाळी बाबांच्या हातात तिनं ते दिलं. आई पदर तोंडाला लावून उभी. बाबा वाचत राहिले, इतका वेळ की मला वाटलं आता ते फाडतील.

"हे टाकलं तं लोक काय म्हणतीन?"

"अन् नाही टाकलं तं वरवट आहेच की, बाबा," ताई म्हणाली.

बाबांनी खिशातून पेन काढलं. एके ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. मग टोपी घातली आणि कार्ड घेऊन पोस्टाकडे निघाले. जाता जाता आईला म्हणाले, "वरवटचं उत्तर या रविवारी राहू दे. पुढच्या."

आमच्या घरात आजवर मी पुष्कळ ठराव मांडले. मंजूर झालेला तो पहिला, आणि तो माझा नव्हता.

उत्तर पाच दिवसांत आलं. मास्तरांनी स्वतः लिहिलं होतं, फळ्यावर लिहावं तसं गोल अक्षर. 'रंग: वर्गातल्या फळ्यासारखा. खडू उठून दिसतो. आई म्हणते, पाहिल्याशिवाय कोणीच काही खरे मानू नये. म्हणून आम्ही दोघे रविवारी दुपारी येतो.'

रविवारी आले. आत्या मध्यस्थ म्हणून आधीपासून ठाण मांडून होती. मास्तरांना पाहिलं आणि मला कळलं की फळा खोटं बोलला नव्हता. त्यांची आई मात्र जोंधळ्याच्या पिठासारखी गोरी. अंगावर कोरं करकरीत जांभळं लुगडं, बसताना कुरकुर आवाज करणारं. अशा कार्यासाठीच घेतलं असावं.

ताई पोहे घेऊन आली. म्हातारीनं तिला पाहिलं आणि मनातलं मनात ठेवायचं विसरली.

"अव, ही तं एवढी काही काळी नाही! मी तं म्हटलं..." आत्यानं कोपर मारलं तेव्हा ती थांबली. पण समाधान नव्हतं झालं. "ये बाई, जरा दारापाशी ये. उजेडात."

ताई दारापाशी गेली. म्हातारीनं तांब्यात पदराचं टोक बुडवलं, पिळलं आणि ताईचा हात धरून मनगटापासून कोपरापर्यंत खसखसा पुसायला लागली. पावडर लावली असेल तर निघते म्हणून असं करतात, हे मी ऐकून होते. आमच्या दारात पहिल्यांदा पाहिलं. माझ्या घशाशी अख्खं पत्रक आलं, बंधुभगिनींसह. आईनं मागून माझी वेणी घट्ट धरली होती, म्हणून ते तिथेच राहिलं.

म्हातारी पुसता पुसता एकदम थबकली. ताईचा हात जांभळा झाला होता. मनगटापासून कोपरापर्यंत, पिकल्या जांभळासारखा.

"अव माय! हा कोणता रंग वं?"

ताईनं हात उजेडात वर धरून शांतपणे पाहिला.

"हा तुमच्या पदराचा, मावशी," ती म्हणाली. "माहा याच्या खाली आहे. तो नाही निघत."

म्हातारीनं पदर पाहिला. मग आपली गोरी बोटं पाहिली; तीही जांभळी. तेव्हा माझी आई, जिनं सकाळपासून भीतीनं घोटभर चहा घेतला नव्हता, ती अतिशय मायेनं, अतिशय हळू आवाजात म्हणाली, "नवं लुगडं मिठाच्या पाण्यातून काढलं नाही वाटते?"

वऱ्हाडात एका बाईला दुसरीवर याहून मोठा टोला हाणता येत नाही. रंग जाऊ नये म्हणून कोरं लुगडं आधी मिठाच्या पाण्यात घालावं, हे आमच्याकडे सात वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असतं.

"दुकानदार म्हणे, पक्का रंग आहे," म्हातारी पुटपुटली.

"थो बी एक पायरी वरचंच सांगते न बाई!" आत्या म्हणाली.

आधी मास्तर हसले. मग बाबा. मग म्हातारीच पोट धरून हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळे पुसले, त्यामुळे गालावरही एक जांभळा पट्टा उमटला. तो तिला कोणी सांगितला नाही.

सगळं सुखरूप पार पडलं असं वाटत होतं, इतक्यात मास्तरांनी खिशातून दोन कागद काढले. एक टिपण, दुसरं ताईचं कार्ड.

"ही दोन अक्षरं एका हातची नाहीत," ते म्हणाले. मास्तरच शेवटी, दुसऱ्याची वही कोणी लिहून दिली ते ओळखण्यात त्यांचा जन्म जातो.

आई पोह्यांकडे पाहायला लागली. बाबा छताकडे. मी उभी राहिले.

"टिपण मी लिहिलं."

"रंग खरा लिहायचा, हे कोणाचं?"

"माझंच."

"अन् अक्षर खोटं, हे?"

"तेही माझंच," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाक्य इतकं लहान झालं होतं.

ते ताईकडे वळले. "कार्ड तुमचं?"

"हो. वाचता आलं?"

"दोनदा वाचावं लागलं."

"ट्रेनिंगमध्ये सुधरते म्हणतात," ताई म्हणाली. बोलली सहज, पण जांभळा हात तिनं पदरात घट्ट गुंडाळला होता. तिचं सगळं या एका वाक्यावर टांगलेलं होतं, आणि ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसत होतं.

मास्तरांनी दोन्ही कागद परत खिशात ठेवले. "मग कुठं घेणार? खामगावला की बुलडाण्याला?"

"पहिले माहा हात धुवू द्या बाप्पा," म्हातारी उठत म्हणाली, "मंग काय ठरवाचं ते ठरवा."

त्या संध्याकाळी वरवट बकालला उत्तर गेलं. बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं: मुलगा चांगला आहे, घराणं चांगलं आहे, परंतु पत्रिका जुळत नाही. त्यांनीही पत्रिका पाठवलेली नव्हती. माझा टाक एकदाही अडखळला नाही.

पिंपळगावचं जुळलं तेव्हा मी ताईला म्हणाले, "बघ, शेवटी सत्याचा विजय झाला."

"कशाचं सत्य घेऊन बसली वं!" ताई म्हणाली. "म्हातारी वांगं पाहाच्या तयारीनं आली व्हती, निघाला बटाटा. म्हणून खूष झाली."

ती खरं बोलली, हे मला आता कळतं. माझ्या एका खऱ्या शब्दानं म्हातारीची रंगांची शिडी मोडली नाही. तिच्या हिशेबानं तो फक्त एक पायरी खाली वाचला गेला. शिडी हलली ती ताईच्या कार्डानं, कारण त्या दिवशी पहिल्यांदा मुलाकडच्यांनाही त्या शिडीवर पाय ठेवावा लागला. मी आरोळी ठोकली होती. तिनं प्रश्न विचारला होता.

ताईच्या हातावरचा डाग तीन दिवस राहिला. बेसन, लिंबू, राख, सगळं झालं. ती त्या हातानं ओसरीवर पाढे सांगत होती आणि लहान मुली विचारत होत्या, ताई, तुम्ही रंगपंचमी खेळल्या? ताईला तो डाग आठवला की अजून हसू येतं. मला अजून राग येतो. आम्हां दोघींतला फरक एवढाच असावा.

ती आता पिंपळगावला शिकवते. अक्षर ट्रेनिंगमध्येही सुधारलं नाही. फळ्यावर ती लिहिते तेव्हा मुली आधी हसतात आणि मग वहीत उतरवून घेतात. सासूबाई तिच्या नोकरीचं सगळ्या गावाला कौतुक सांगतात. मात्र गेल्या महिन्यात त्यांनी आपल्या भाचीचं टिपण माझ्याकडून लिहून घेतलं. भाची सावळी. त्या सांगत गेल्या आणि तिसऱ्या ओळीशी मी टाक थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे.

"लिव सावळी," त्या म्हणाल्या. "पण खाली हेही लिव, का मुलाचा रंग कळवावा."

तर माझं तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते पत्रकातलं नाही. पुढच्या वेळी तुमच्या घरी मुलाचं टिपण येईल. त्यात नाव असेल, नोकरी असेल, शेती असेल, आणि एक ओळ नसेल. तेव्हा एक कार्ड घ्या आणि ती ओळ भरून मागा. ज्यांच्या घरी मुलगा आहे त्यांनी न मागता भरून पाठवावी. उत्तर नाही आलं तरी बिघडत नाही; प्रश्न पोचला पाहिजे. आणि ते कार्ड मुलीला स्वतःच्या हातानं लिहू द्या. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असलं तरी तिच्या हातून घेऊ नका. फारच वाटलं तर एखादी वेलांटी दुरुस्त करा, आणि उठून पोस्टात टाकून या.